तिसरी तार एवढी का ओरडते?

1962 सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीची नव्याने काढलेली आवृत्ती, म्हणजे रीइश्यू, हातात आली की आधी सहाही तारा सारख्याच जोराने छेडून बघा. तिसरी तार बहुधा बाकीच्यांच्या वरताण वाजेल. दुकानदार म्हणेल, सेटिंग करून देतो. पण हे सेटिंगने पुरतं जात नाही.

पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागात, प्रत्येक तारेखाली अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाची एक कांडी असते आणि सहाही कांड्यांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीज निर्माण होते. शाळेतला फॅरेडेच तो! 1954 साली स्ट्रॅट बाजारात आली तेव्हा तिसरी तार वेष्टणाची असे, आत बारीक पोलादी गाभा आणि वर गुंडाळलेली दुसरी तार. गाभा बारीक, त्यामुळे पिकअपला ती कमी ऐकू येई. म्हणून तिची कांडी मुद्दाम उंच ठेवली. पुढे साठच्या दशकात वादक साधी, सबंध पोलादाची तिसरी तार लावू लागले. पोलाद वाढलं, कांडी उंचच राहिली आणि रीइश्यूमध्ये तीही इमानेइतबारे उतरली. ठोकून खाली बसवायच्या फंदात मात्र पडू नका. या जुन्या पद्धतीत तांब्याचे वेढे थेट कांड्यांवरच असतात. कांडी सरकली की ती तांब्याची तार तुटते आणि पिकअप मुका होतो.

लिओ फेंडरने कंपनी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. त्याआधीच्या गिटारींना पुढे सोन्याचा भाव आला, तेव्हा 1982 मध्ये कंपनीने स्वतःच 1957 आणि 1962 च्या स्ट्रॅटच्या प्रतिकृती काढल्या. प्रतिकृती म्हटलं की खोडीही आल्या. फिंगरबोर्डची, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीची गोलाई घ्या. तिची त्रिज्या अवघी 184 मिलिमीटर. कॉर्ड धरायला हे सुख. पण वरच्या पडद्यांवर पहिली तार मींड घेतल्यासारखी ओढली, की ती त्या उंचवट्यावरून तिरकी जाते, पुढच्या पडद्याला टेकते आणि सूर मधेच गुदमरतो. म्हणून गिटार घेताना बाराव्या पडद्याच्या पुढे प्रत्येक घरात तार ओढून बघायची. लाजायचं नाही.

विक्रेते पिकअपचा रोध छातीठोकपणे सांगतात: ‘सहा किलोओहम, अस्सल!’ एकाने मला मे महिन्यात मल्टिमीटर लावून साधारण 6.3 दाखवले आणि वेढे जास्त आहेत म्हणून पैसेही जास्त मागितले. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 20 अंशांना 6 किलोओहम भरणारा पिकअप 35 अंशांना 6.35 च्या आसपास दाखवणारच. म्हणजे तो वाढीव भाव वेढ्यांचा नव्हता, उन्हाळ्याचा होता.

गिटारीवरच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या थराबद्दलही बरंच काव्य ऐकायला मिळतं. आवाजात त्याने पडणारा फरक मला तरी कधी ऐकू आलेला नाही. रसायन मात्र खरं आहे. हा थर नुसता द्रावक उडून वाळतो, त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जात नाहीत. म्हणून स्टँडच्या रबरातून झिरपणारी द्रव्यंही त्याला मऊ करतात. रबरी स्टँडवर महिनाभर ठेवलीत, तर पाठीवर ठसे उमटू शकतात.

खरी कसोटी लागते पावसाळ्यात. नेकचं, म्हणजे गिटारीच्या दांड्याचं लाकूड दमट हवेत पाणी शोषून हलतं आणि ते सरळ करायला आतल्या पोलादी सळईला पीळ द्यावा लागतो. आजच्या बऱ्याच गिटारींत पीळ द्यायचा स्क्रू वर, खुंट्यांच्या टोकाशी असतो. 1962 च्या घडणीत तो नेकच्या बुडाशी, बॉडीत दडलेला. तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक उचला, पाव फेरा द्या, परत जोडा, सुरात लावा, बघा. जुलैत मी हे तीनदा केलं. चौथ्यांदा नेक काढलाच नाही, गिटार पेटीत घालून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि गणपतीपर्यंत तिला हात लावला नाही.