पगारचिठ्ठीतली दुसरी ओळ

बँकेतला कारकून, जिल्हा परिषदेचा शिक्षक, मंत्रालयातला लिपिक, कुणाचीही पगारचिठ्ठी घ्या. मूळ पगाराच्या खालोखाल महागाई भत्ता असतो. नोकरदार मध्यमवर्गाचं घर महागाईत टिकून राहिलं ते बरंचसं या एका ओळीमुळे. आणि ही ओळ आली मुंबईच्या गिरण्यांतून, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे.

पहिल्या महायुद्धात धान्य, रॉकेल, कापड सगळंच कडाडलं. १९१७ पासून मालकांनी महागाईपोटी पगारावर थोडीफार टक्केवारी चढवली, पण ती पुरेना. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार बाहेर पडले. धड युनियनसुद्धा नव्हती तेव्हा. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात. दिलेला भत्ता मंदीत मालकांनी कापला, म्हणून १९३४ चा संप झाला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर मार्च १९४० मध्ये पुन्हा भत्त्यासाठीच गिरण्या ४० दिवस बंद राहिल्या.

माझ्या मते सगळ्यात मोठं पाऊल पडलं ते यानंतर, त्याच युद्धकाळात. भत्ता मुंबईच्या राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाला जोडला गेला. कामगाराच्या घरात तांदूळ, डाळ, रॉकेल, खोलीभाडं यांवर किती जातं ते मोजायचं, आणि आकडा चढला की भत्ता चढवायचा. दर वेळी मालकाच्या दारात उभं राहण्याची गरज उरली नाही.

हेच सूत्र पुढे पांढरपेशांनी उचललं. १९४६ मध्ये अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबत न्यायाधिकरणाने दिलेल्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तेव्हा १९५४ मध्ये केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. मंत्र्याने कारकुनांच्या पगारासाठी खुर्ची सोडावी, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. १९६६ मध्ये बँकांची व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला.

महाराष्ट्रात र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचारी १९७७-७८ मध्ये ५४ दिवस संपावर होते. मागणी एकच प्रमुख: केंद्राप्रमाणे महागाई भत्ता. केंद्राने जानेवारीत आणि जुलैत भत्ता वाढवला की राज्याचा कधी, हा प्रश्न आज लगेच विचारला जातो, त्यामागे ते ५४ दिवस आहेत.

गिरणगावाच्या वाट्याला मात्र १९८२ आलं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि हजारो परत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेच नाहीत. ज्यांच्या लढ्यातून भत्ता आला, त्यांचा पगारच गेला.

आज त्याच सरकारी कचेरीत, त्याच टेबलाशी कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर बसतो. त्याला मिळतं ते एकत्रित मानधन. त्याच्या चिठ्ठीत ती दुसरी ओळ नसते.