गरम गाडी सुरू होईना? ओलं फडकं आधी बाजूला ठेवा

पन्हाळ्याला चढून आलेली जुनी कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की परत सुरू होत नाही. मग ठरलेला सल्ला येतो: 'गाडीच्या पेट्रोल पंपात वाफ धरलीय, ओलं फडकं टाका आणि ॲक्सिलरेटर मारत राहा.' वाफ धरते, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दुखणं उलटं असतं, पेट्रोल जास्त झालेलं असतं.

इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं. मग खालची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळीत, सांडतं. त्यात दर वेळी पॅडल मारलं की ॲक्सिलरेटर पंप आणखी धार सोडतो. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग भिजलाच म्हणून समजा.

चोक पूर्ण आत, म्हणजे बंद. पॅडल एकदाच सावकाश तळाला दाबून धरा, सोडू नका, आणि 5 ते 8 सेकंद स्टार्टर फिरवा. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. लागताच पॅडल सैल करा.

तरीही नाही? गरम असतानाच प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर फ्लोटची सुई (पेट्रोल आत येणं थांबवणारी) आणि कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा बेकेलाइटचा स्पेसर तपासा. कोरडा असेल तेव्हाच गाडीचा पेट्रोल पंप तपासा. ठिणगी निळी न पडता पिवळट, अशक्त पडली तर दोष ठिणगीच्या विजेच्या भागांत, म्हणजे कंडेन्सर किंवा कॉइलमध्ये. कॉइल थंड असताना मीटरवर ठीक दाखवते आणि तापली की दगा देते, म्हणून थंड मोजणी फुकट. स्टार्टरच रडत फिरत असेल तर आधी बॅटरीची अर्थची (अर्थिंगची) पट्टी घासा.