गाडी लहान होते, रंग होत नाही

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीवर रंगाचे तीन-चार थर असतात. सगळे मिळून जाडी भरते साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. त्याच गाडीचं 1:24 प्रमाणात, म्हणजे चोवीस पटींनी लहान, प्लॅस्टिकचं मॉडेल केलं, तर हिशेबाने तिच्यावर 5 मायक्रॉनचा रंग हवा. तेवढा पातळ रंग हाताने मारता येत नाही. खालचा प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट कितीही जपून मारा, 70-80 मायक्रॉन होतातच. आता उलटा गुणाकार करा: खऱ्या गाडीवर जवळजवळ दोन मिलिमीटरचा लेप थापल्यासारखं झालं. बांधणी चोख असूनही मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

गाडीचं माप चोवीस पटींनी घटतं, पण रंगाचा थेंब, मेटॅलिक रंगातली अ‍ॅल्युमिनियमची चकती आणि रंग पातळ करणाऱ्या थिनरची वाफ आहे तशीच राहते. मॉडेलच्या रंगकामात जे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका विसंगतीतून येतं. ती ध्यानात ठेवून काम केलं तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

दरवाज्याची फट घ्या. खऱ्या गाडीत ती 4 मिलिमीटरच्या आसपास असते, 1:24 मध्ये 0.17 मिलिमीटर. मॉडेलच्या किटच्या (जोडायच्या सुट्या भागांच्या संचाच्या) साच्यातून येणारी खाच थोडी रुंद असली तरी बहुधा उथळ असते. दोन्ही कडांवर 70-80 मायक्रॉन रंग बसला की ती बुजायला लागते आणि दरवाजा बॉडीला चिकटवून टाकल्यासारखा दिसतो. म्हणून रंगाच्या आधी सगळ्या खाचा खोल करून घ्यायच्या. त्यासाठी बारीक स्क्रायबर (खाच कोरायचं टोकदार हत्यार) किंवा जुन्या कटर ब्लेडच्या टोकाची मागची बाजू चालते. जोर न लावता एकाच रेषेत सात-आठ हलके हात फिरवायचे. जोर लावला की टोक खाचेतून निसटतं आणि बॉनेटवर ओरखडा उमटतो. तो भरून काढण्यात एक संध्याकाळ जाते.

प्लॅस्टिक कसं वागतं

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. सीडीच्या कडक, पारदर्शक डब्या याच प्लॅस्टिकच्या. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात भरतात आणि थंड होताना ते आकसतं. जिथे प्लॅस्टिक जाड, तिथे जास्त आकसतं. म्हणूनच मागच्या बाजूला खुंटी असेल तिथे पुढच्या बाजूला उथळ खळगा पडतो. साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे बॉडीवर बारीक उंचवट्याची रेघ येते. मडगार्डच्या आणि छताच्या कडेने ती लांबवर जाते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. चकचकीत रंग चढला की मात्र ठळक दिसते. नख आडवं फिरवून ती शोधायची, ब्लेडच्या पाठीने खरवडायची आणि 400, 600, 1000 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासायची. खळग्यात पुट्टी भरली तर किमान 24 तास हात लावू नये. पुट्टीतलं द्रावक उडून जाताना तीही आकसते. घाईने घासून सपाट केलेला खळगा दोन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो.

घासून झालं की भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब कोमट पाण्यात टाकून, मऊ टूथब्रशने बॉडी धुवायची आणि वाऱ्यावर वाळू द्यायची. कोरड्या फडक्याने पुसायची नाही. घर्षणाने पॉलिस्टायरीनवर स्थिर विद्युतभार साठतो आणि मग खोलीभरची धूळ त्याच्याकडे धावते. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात हा त्रास जास्त, कारण हवेत ओल कमी असली की भार लवकर निघून जात नाही.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचं) थिनर सहज आणि स्वस्त मिळतं, म्हणून मोह होतो. त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखी जहाल द्रावकं असतात आणि ती पॉलिस्टायरीन विरघळवतात. ओला कोट थेट प्लॅस्टिकवर बसला तर पृष्ठभाग फुगतो आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. त्या घासूनही पूर्ण जात नाहीत. भांडी-ब्रश साफ करायला हे थिनर उत्तम; बॉडीवरच्या रंगात मॉडेलच्या लॅकरसाठी (द्रावक उडालं की सुकणाऱ्या रंगासाठी) बनवलेलं थिनरच वापरावं. तेव्हाही प्रायमरचे पहिले दोन हात निम्मे कोरडे पडतील असे, लांबून आणि हलके मारावेत, म्हणजे द्रावक प्लॅस्टिकमध्ये मुरायच्या आत उडून जातं.

लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग मारणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. प्लॅस्टिकमधला लाल रंग द्रावकात विरघळून वर चढतो आणि पांढरी गाडी आठवड्याभरात गुलाबी होते. मध्ये चंदेरी रंगाचा एक थर दिला तर त्यातल्या धातूच्या चकत्या एकमेकींवर कौलांसारख्या बसून ही वाट बऱ्यापैकी अडवतात.

पावसाळ्यातला पांढरा डाग

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर रंग मारणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. काळा कोट मस्त ओला, आरशासारखा बसतो. मिनिटभरात त्यावर दुधाळ ढग येतो आणि सुकल्यावर काळा रंग राखाडी, मलूल दिसतो. दोष रंगाचा नाही.

माठातलं पाणी का गार होतं? बाहेर झिरपलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. लॅकरचं द्रावक त्याहून कितीतरी वेगाने उडतं आणि बॉडीचा पृष्ठभाग तसाच गार करतं. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, 25 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पृष्ठभाग तीनच अंशांनी गार झाला की हवेतलं पाणी ओल्या रंगावर दवासारखं जमतं. लॅकरचं राळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते बारीक कणांनी फुटतं आणि ते कण प्रकाश विखुरतात. दुधाळपणा येतो तो यातून. त्याच 28 अंशांना आर्द्रता 50 टक्के असेल तर दवबिंदू साडेसोळा अंशांवर असतो आणि अकरा अंशांची सवड मिळते. डिसेंबरात हाच डबा, हाच हात, आणि डागाचा पत्ताही नसतो.

उपाय यातूनच निघतात. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टेबलावर ठेवावा आणि आकडा 70 च्या वर असेल तर चकचकीत कोट मारू नये. एसी ‘ड्राय’वर अर्धा तास चालवला की खोलीतली आर्द्रता बरीच उतरते. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) वापरत असाल तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर 10 ते 20 टक्के मिसळावं. द्रावक हळू उडालं की पृष्ठभाग कमी गार होतो. एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी वाटी हवीच. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी नळीत जमतं आणि नेमकं बॉनेटवर थुंकलं जातं. दर बैठकीआधी वाटी रिकामी करावी.

डाग आलाच तर घासायला धावू नये. कोरड्या दिवशी नुसतं रिटार्डर थिनर लांबून धुक्यासारखं मारलं की वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बहुतेक वेळा रंग पूर्ववत होतो. लॅकर नुसतं द्रावक उडून सुकतं, त्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणून ही सोय आहे. एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन पक्कं होतं, त्याला हा उपाय लागू पडत नाही. म्हणूनच अर्धवट पिकलेल्या एनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. लॅकरवर एनॅमल चालतं, उलट क्रम टाळावा.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एन-95 मास्क रंगाचे कण अडवतो, पण द्रावकाची वाफ तो किंवा कापडी मास्क अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. बंद खोलीत रंग मारताना शेजारी गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटतं नको. कोट मारून झाला की खिडक्या उघडून, पंख्याने हवा बाहेर काढावी.

काळी-पिवळी

मुंबईकराला मॉडेल करायची इच्छा होईल ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. काळी बॉडी आणि पिवळं छत ही रंगसंगती कुठल्याही जुन्या सेडानच्या बॉडीवर रंगकाम शिकायला फार चांगली आहे, कारण त्यात पिवळा हा सगळ्यात हट्टी रंग येतो.

पिवळ्याची झाकण्याची ताकद कमी. पूर्वीच्या शिसेयुक्त क्रोम यलोमध्ये ती भरपूर होती. आजची सेंद्रिय पिवळी रंगद्रव्यं बरीच पारदर्शक असतात. काळ्यावर पिवळा मारला तर तो शेवाळी दिसतो, आणि झाकण्यासाठी थरावर थर चढवले की पुन्हा जाडीचा प्रश्न. म्हणून क्रम असा: आधी पांढरा प्रायमर, छतावर पिवळ्याचे तीन पातळ हात, मध्ये 15-20 मिनिटांची उसंत. 24 तासांनी छत मास्किंग टेपने झाकायचं. टेपची कड नखाने न दाबता टूथपिकच्या बोथट बाजूने बसवायची. मग त्या कडेवर पुन्हा पिवळ्याचाच एक हलका हात मारायचा. टेपखाली काही झिरपायचंच असेल तर ते पिवळं झिरपतं आणि फट भरून टाकतं. पुढचा काळा आत शिरू शकत नाही. काळा हाताला चिकटेनासा झाला, पण कडक झालेला नाही, अशा वेळी टेप स्वतःवरच दुमडून, सावकाश मागे ओढत काढायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवली तर काळ्याचा थर टेपवरून सलग पिकतो आणि काढताना कड तुटते.

स्प्रेचा डबा वापरत असाल तर तो 40 अंशांच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवावा. आतला दाब वाढतो, रंग पातळ होतो आणि थेंब बारीक पडतात. उकळतं पाणी किंवा गॅसची ज्योत डब्याजवळ कधीही नको. अंतर 15 ते 20 सेंटिमीटर. हात बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. एअरब्रशला 0.3 मिलिमीटरचं नोझल, 15 ते 20 पीएसआय दाब आणि एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर ही सुरुवातीला सुरक्षित मापं.

आता मूळ पेच. ओला रंग पृष्ठताणामुळे आपोआप सपाट होतो, पण सपाट होण्याचा वेग थराच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. थर निम्मा केला तर सपाटीला आठपट वेळ लागतो. पातळ रंग मारायचा, तर थेंब एकमेकांत मिसळायच्या आत सुकतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहतो. जाड मारला तर ओघळ येतात आणि खाचा बुजतात. यातून सुटायचा मार्ग रंग वाढवण्यात नाही, थिनर सावकाश उडणारं घेण्यात आहे: थर पातळच ठेवायचा, त्याला वेळ जास्त द्यायचा.

मेटॅलिक रंगात माप आणखी उघडं पडतं. मोटारीच्या गॅरेजमधल्या मेटॅलिक रंगातली अ‍ॅल्युमिनियमची चकती 15-20 मायक्रॉनची असते. मॉडेलवर ती खऱ्या गाडीवरच्या जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या टिकलीएवढी दिसते आणि गाडीवर चमकी उधळल्यासारखं वाटतं. मॉडेलसाठी मुद्दाम बारीक चकत्यांचा रंग घ्यावा. ओला कोट जाड झाला की चकत्या तरंगत फिरतात आणि ढगाळ पट्टे पडतात. शेवटचा हात लांबून, जवळजवळ कोरडा मारला की त्या एकसारख्या बसतात.

पॉलिश

क्लिअर कोट मारल्यावर बॉडी झाकून निदान आठवडाभर ठेवावी. नाकाजवळ नेल्यावर वास आला तर अजून द्रावक आत आहे. मग 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, फक्त उंचवटे कापले जातील इतकंच घासायचं. त्यानंतर कम्पाउंड (पॉलिशची घासणारी पेस्ट): आधी जाड, मग बारीक, शेवटी फिनिश. प्रत्येकाचं फडकं वेगळं, नाहीतर जाड कम्पाउंडचा एक कण शेवटच्या पायरीत ओरखडे पाडतो. एकाच जागी जोरात घासलं तर उष्णतेने लॅकर मऊ होतं.

सगळ्यात आधी कडा उघड्या पडतात. पृष्ठताण ओल्या रंगाला धारदार कडेवरून मागे ओढतो, त्यामुळे मडगार्डच्या आणि दरवाज्याच्या कडेवर थर आधीच पातळ असतो. पॉलिश करताना तिथे एक मिलिमीटर रुंदीची टेप लावून ठेवावी आणि शेवटी टेप काढून फक्त फिनिश कम्पाउंडचा एक हात फिरवावा.

काचांसाठी सुपर ग्लू वापरू नये. त्याची वाफ हवेतल्या ओलीमुळे काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी जमते. पांढरा पीव्हीए गोंद पुरेसा आहे, सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या बोटाने पुसता येतो.

टायरकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. अनेक किटमधले मऊ काळे टायर पीव्हीसीचे असतात आणि ते मऊ राहावेत म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घातलेलं असतं. वर्षानुवर्षं ते बाहेर झिरपतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टेकलेलं असेल त्याला वितळवतं. जुन्या किटच्या डब्यात काचेवर टायरची नक्षी उमटलेली सापडते ती यामुळेच. किट घरी आणल्या दिवशीच टायर वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून ठेवावेत. जोडताना रिम आणि टायर यांच्यामध्ये स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची अरुंद पट्टी गुंडाळावी. बाहेरून ती दिसत नाही. टायरची चमक आणि मधली साच्याची रेघ 400 नंबरच्या पेपरवर गोल फिरवून घालवली की रबर रस्त्यावर झिजल्यासारखं, मंद राखाडी दिसतं.