मूलपेशी उपचार : फुप्फुसविकार आणि कर्करोगाचा प्रसार

स्वतःसारख्या पेशी निर्माण करणारी आणि गरजेप्रमाणे वेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलणारी पेशी म्हणजे मूलपेशी. तिच्या आधारे होणारा, कसोटीला उतरलेला मोठा उपचार म्हणजे रक्तमूलपेशींचे, अर्थात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. ल्युकेमिया, थॅलेसेमिया आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया पट्ट्यात परिचित असलेला सिकलसेल यांवर तो होतो. सख्ख्या भावंडाचा ऊतीगट (पेशींची ओळख ठरवणारा) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे वाहक असलेले, म्हणजे एकच सदोष जनुक असून स्वतः आजारी नसलेले भावंडही दाता होऊ शकते, हे कुटुंबाला सुरुवातीलाच सांगायला हवे.

फुप्फुसांचे तसे नाही. वर्षानुवर्षे पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे स्वयंपाक केलेल्या बाईला लागणारी धाप गावात ‘दमा’ म्हणवली जाते; अनेकदा तो सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार असतो. त्यात वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात. शिरेतून दिलेल्या मेसेनकायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी यांच्या पेशी बनवणाऱ्या) साधारण १५ ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फुप्फुसातल्या केशवाहिन्या मात्र १० मायक्रॉनहूनही अरुंद. म्हणून पेशी तिथेच अडकतात, बहुतेक एकदोन दिवसांत नष्ट होतात. फाटलेली भिंत त्या विणत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६२ सीओपीडी रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत उपचार सुरक्षित ठरला, पण श्वासाची क्षमता वाढली नाही.

कर्करोगात प्रश्न अधिक नाजूक आहे. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कर्कपेशीला बी आणि ती रुजते त्या अवयवाला जमीन म्हटले. खर्ऱ्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग आधी मानेच्या गाठींत उतरतो. दूर पसरला तर बहुतेकदा फुप्फुसात. २००५ च्या उंदरांवरील संशोधनात असे दिसले, की कर्कपेशी पोचण्याआधीच अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी फुप्फुसात जागा तयार करतात. म्हणजे वखरणी आधी, पेरणी नंतर. २००७ मध्ये स्तनकर्कपेशींत मेसेनकायमल पेशी मिसळल्यावर उंदरांत फुप्फुसाकडचा प्रसार वाढला. म्हणून कर्करोग झालेल्याला ‘ताकदीसाठी’ मूलपेशींचे इंजेक्शन देणे धोक्याचे आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांपलीकडचे मूलपेशी उपचार प्रायोगिक मानले जातात. ते नोंदणीकृत चाचणीतच व्हावेत आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. वावर गहाण ठेवण्याआधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा नोंदणी क्रमांक मागावा. पैसे मागितले जात असतील तर ती चाचणी नव्हे.

अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात आधी तीव्र केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करतात, मग रक्तासारख्याच पिशवीतून पेशी चढवतात. त्या रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. गावी परतल्यावर प्रतिकारशक्ती दबलेली असते. सोयाबीनच्या मळणीची धूळ, ओलसर कुटार, शेणखताचा ढीग यांतल्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू श्वासातून गेले, तर जिवावर बेतणारा न्यूमोनिया होतो. हंगामात रुग्णाला खळ्यापासून दूरच ठेवावे. दात्याच्या पेशी फुप्फुसावरही उलटू शकतात. सूक्ष्म श्वासनलिका हळूहळू बुजतात. सुरुवातीला फक्त कोरडा खोकला येतो, एक्स-रे स्वच्छ दिसतो. हा बिघाड लवकर पकडते ती स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी. पहिल्या वर्षी ती दर तीन महिन्यांनी करावी. बुजलेली नलिका सहसा पुन्हा मोकळी होत नाही.