चाळीस हजार अँपिअर आणि एक बेरीज

मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात वादळ उठलं की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ठरलेलं वाक्य येतं: "पान हललं नाही तोच लाइन बंद करतात." लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सबस्टेशनमध्ये बसलेला, आभाळाकडे पाहून खटका ओढणारा एक ऑपरेटर असतो. दुरुस्तीसाठी किंवा खबरदारी म्हणून फीडर (सबस्टेशनमधून वस्तीकडे जाणारी लाइन) हाताने बंद करतात, हे खरं आहे. पण वादळात झटकन लाइन जाते तेव्हा त्या ऑपरेटरला ते आपल्याइतकंच उशिरा कळतं. निर्णय रिलेने, म्हणजे प्रवाहावर नजर ठेवून तोडायचा हुकूम देणाऱ्या यंत्राने, घेतलेला असतो.

११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेला कडुलिंबाची ओली फांदी टेकली, की तारेतून जमिनीकडे वाट तयार होते आणि आर्क पेटतो. आर्क म्हणजे इतकी तापलेली हवा की तीच वीज वाहून नेऊ लागते. प्रवाह तोडला की ही हवा सेकंदाच्या आतबाहेर थंड होते आणि पुन्हा इन्सुलेटरचं काम करू लागते. म्हणून बऱ्याच फीडरांवर रिक्लोझर बसवलेला असतो. तो तोडतो, क्षणभर थांबतो, पुन्हा जोडतो. घरातले दिवे एकदा-दोनदा जाऊन परत येतात ते यामुळे. फॉल्ट, म्हणजे विजेची ही भलती वाट, हटला नाहीच, तर तो कायमचा बंद होतो आणि मग लाइनमनला शिडी घेऊन निघावं लागतं. याची दुसरी बाजूही माहीत हवी. तार तुटून कोरड्या डांबरावर पडली, तर तिच्यातून जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असू शकतो की रिलेला तो नेहमीच्या लोडपेक्षा वेगळा दिसतच नाही. ठिणगी न उडवता पडलेली तार जिवंत असू शकते. आत्ता मेलेली असली तरी रिक्लोझर तिच्यात पुन्हा प्राण आणू शकतो. लांब राहायचं आणि १९१२ ला फोन करायचा.

विजेचा विषय निघालाच आहे तर पायाळू माणसांचाही काढू. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसावर वीज पडते, असं आजही विदर्भातली शिकलेली घरं सांगतात. आकाशातल्या विजेला कुणाच्या बाळंतपणाची नोंद ठाऊक नसते. ती बहुधा उंच, टोकदार, जमिनीशी जोडलेली वस्तू गाठते. मनोऱ्यांच्या अगदी माथ्यावरून अर्थवायर नेतात ती त्याचसाठी, की पडायची असेल तर तिच्यावर पडावी, खालच्या तारांवर नाही. बांधावरच्या एकट्या झाडाखाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याला धोका आहे, आणि पायाळू नसलेल्यालाही तो तेवढाच आहे.

आता नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाऊ. तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. यातला एक संच पूर्ण भरात असताना ४०० केव्हीवर दर फेजमागे (तीन तारांपैकी प्रत्येकीत) साधारण हजार अँपिअर देतो. ही वीज थेट शहराकडे निघत नाही. आधी ती यार्डातल्या, म्हणजे केंद्राच्या स्विचच्या आवारातल्या, बसबारवर येते. बसबार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या जाड नळ्या किंवा जाडजूड तारा. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या वाहिन्या त्यांना जोडलेल्या असतात. (या तारांना प्राण्यांची नावं आहेत. ४०० केव्हीला मूस, २२० ला झेब्रा, १३२ ला पँथर. टायगरही आहे, पण व्याघ्र राजधानीच्या वरच्या दाबाच्या यार्डात तो सहसा दिसत नाही.)

बसबारवर फॉल्ट क्वचित होतो. एखादा इन्सुलेटर फुटतो, कुणी दुरुस्तीनंतर अर्थिंगची साखळी काढायला विसरतं, किंवा औष्णिक केंद्राजवळ इन्सुलेटरवर राखेचा थर साचतो आणि हिवाळ्यातलं दव त्याला वाहक बनवतं. क्वचित होतो, पण झाला की भयंकर. बसला जोडलेला प्रत्येक स्रोत त्या एका जागी वीज ओततो. ४०० केव्हीचं स्विचगिअर (प्रवाह जोडणारी-तोडणारी उपकरणं) ४० ते ६३ हजार अँपिअर तोडण्याच्या क्षमतेचं घेतात, यावरून अंदाज यावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे ४०० केव्हीवरचा फॉल्ट १०० मिलिसेकंदांत दूर व्हायला हवा. म्हणजे पन्नास हर्ट्झच्या पाच आवर्तनांत रिलेने ओळखायचं आणि ब्रेकरने, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या स्विचने, एसएफ-६ या इन्सुलेटर वायूत आर्क विझवून मोकळं व्हायचं.

मग जरा शंका आली की तोडावं, असं का नाही? २०१२ च्या जुलैचं उदाहरण आहे. ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे रिलेच्या हुकुमाने बंद झाली. तिच्यावर फॉल्ट नव्हता. लोड फार वाढलं होतं आणि व्होल्टेज खाली आलं होतं. व्होल्टेज भागिले प्रवाह करून फॉल्टचं अंतर काढणाऱ्या रिलेला त्याच्या तिसऱ्या झोनमध्ये, दूर कुठेतरी, फॉल्ट असल्याचा भास झाला. उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वाहिनीवर तेच घडलं आणि उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. पश्चिम ग्रिड तगली म्हणून नागपुरात पंखे फिरत राहिले. एका वाहिनीच्या चुकीच्या ट्रिपने एवढं होतं. बसबार चुकून ट्रिप झाला तर एका दमात दहा-बारा वाहिन्या जातात. त्यामुळे बसबारच्या संरक्षणाकडून दोन उलट मागण्या असतात. खरा फॉल्ट असेल तर पाव आवर्तनात ओळख, आणि बाहेर कितीही गोंधळ असला तरी हात लावू नकोस.

या मागण्या पूर्ण होतात त्या एका बेरजेने. गुस्टाव किर्खहोफने १८४५ मध्ये, विद्यार्थी असताना, मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: एखाद्या बिंदूत येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य. सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक मोजणारा बसवा. आत आलेल्या गाड्या आणि बाहेर गेलेल्या गाड्या सारख्या भरल्या, तर चौकात सगळं ठीक आहे, गर्दी कितीही असो. हिशोब जुळला नाही तर गाड्या चौकातच कुठेतरी गडप होताहेत. बसबारचं डिफरन्शियल संरक्षण एवढंच करतं. गडप होणारा प्रवाह म्हणजे फॉल्ट.

मोजणारा माणूस म्हणजे सीटी, करंट ट्रान्सफॉर्मर. मुख्य वाहकाभोवती लोखंडी गाभा आणि त्यावर, समजा, २००० वेढे. वाहकात २००० अँपिअर असले तर बाहेर १ अँपिअर. गोम लोखंडात आहे. लोखंड एका मर्यादेपर्यंतच चुंबकित होतं. त्यापुढे सीटी संपृक्त होतो आणि त्याचं आउटपुट कोसळतं. त्यात भर म्हणजे फॉल्टचा प्रवाह सुरुवातीला सरळ लहरीसारखा नसतो. तो एका बाजूला सरकलेला असतो, त्यात हळूहळू विरणारा डीसीचा वाटा असतो. हा वाटा गाभ्याला एकाच दिशेने ढकलत नेतो आणि लवकर संपृक्त करतो.

आता बसबारच्या बाहेर, एका फीडरवर यार्डाच्या भिंतीपलीकडेच फॉल्ट झाला असं धरा. बाकीच्या तीन वाहिन्या ६, ५ आणि ४ हजार अँपिअर आत आणतात आणि चौथीतून १५ हजार बाहेर जातात. सीटींनी ३, २.५, २ आणि ७.५ अँपिअर दाखवायला हवं. बेरीज शून्य, सगळं ठीक. पण सगळ्यात जास्त भार त्या चौथ्या सीटीवर आहे, आणि नेमका तोच संपृक्त होतो. साडेसातऐवजी तो तीन दाखवतो. साडेचार अँपिअरची तूट, म्हणजे प्रत्यक्षात नऊ हजार अँपिअर बसवर गडप! चौकातला सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यावरचा मोजणारा डुलकी घेतोय आणि बेरीज भोळेपणाने चौकावर आळ घेते.

जुना उपाय मला फार देखणा वाटतो. संपृक्त सीटीची दुय्यम गुंडाळी म्हणजे नुसती तांब्याची तार, रोध थोडासा. मग रिलेच्या वाटेवर मोठा रोध घाला. खोटा फरक-प्रवाह सोपी वाट धरून त्या झोपलेल्या सीटीतूनच परत जातो आणि रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही. मापनातला दोषच औषध म्हणून वापरला. नवे न्यूमेरिकल, म्हणजे आकडेमोड करणारे डिजिटल, रिले वेळेकडे पाहतात. फॉल्ट झाल्याबरोबर कोणताही सीटी संपृक्त होत नाही, निदान काही मिलिसेकंद तो खरं बोलतो. रिले दोन राशी काढतो: चिन्हासह बेरीज म्हणजे फरक, आणि चिन्ह सोडून बेरीज म्हणजे एकूण वर्दळ. बसवरच्या खऱ्या फॉल्टमध्ये दोन्ही एकदमच उसळतात. बाहेरच्या फॉल्टमध्ये आधी वर्दळ उसळते, फरक शून्यावर राहतो, आणि सीटी थकल्यावर तो डोकं वर काढतो. मधली ती तीन-चार मिलिसेकंदांची फट रिलेला पुरते. हल्ली प्रत्येक पेटीवर 'एआय' चिकटवायची हौस आहे. इथे तसलं काही लागत नाही.

बसची मांडणी बदलली की हा हिशोबही बदलतो. २२० केव्हीला आपल्याकडे बरेचदा दोन मुख्य बस असतात आणि प्रत्येक फीडर आयसोलेटर (जोडणी बदलायचे स्विच) बदलून कोणत्याही बसवर घेता येतो. मग कोणता फीडर कोणत्या बसच्या बेरजेत धरायचा, हे रिलेला आयसोलेटरच्या छोट्या सहायक संपर्कावरून कळतं. तो संपर्क गंजला तर फीडर चुकीच्या बसच्या खात्यात जातो आणि दोन्ही बेरजा बिघडतात. म्हणून सगळ्या स्टेशनची एक वेगळी बेरीज ठेवतात, तिला चेक झोन म्हणतात, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय ट्रिप नाही. देशातल्या बहुतेक ४०० केव्ही यार्डांत दीड ब्रेकरची रचना असते: दोन बसच्या मध्ये तीन ब्रेकर, त्यावर दोन वाहिन्या, मधला ब्रेकर दोघींचा सामाईक. एक अख्खी बस गेली तरी दुसरीवरून दोन्ही वाहिन्या चालू राहतात. आणि ब्रेकरने हुकूम मिळूनही तोंड उघडलंच नाही, तर साधारण २०० मिलिसेकंद वाट पाहून लोकल ब्रेकर बॅकअप त्याच्या आसपासचे सगळे ब्रेकर उघडतो.

हा सगळा थाट वरच्या दाबाला आहे. वस्तीजवळच्या ३३/११ केव्हीच्या छोट्या सबस्टेशनमध्ये बहुधा एकच बस असते आणि तिला स्वतःचं डिफरन्शियल नसतं. तिथे बसवर फॉल्ट झाला की ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा ओव्हरकरंट (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तोडणारा) रिले, फीडरांना आधी संधी द्यायची म्हणून मुद्दाम ठेवलेली उशिराची वेळ मोजत बसतो. तेवढ्यात पॅनेल जळून जातं, आणि ते बदलेपर्यंत त्या बसवरचे सगळे फीडर बंद राहतात.