गोल्डफिशची मेमरी तीन सेकंदांची? अजिबात नाही

"गोल्डफिशला तीन सेकंदांपूर्वीचं काही आठवत नाही, म्हणून तो छोट्या बाऊलमधेही खूश असतो" हे कितीतरी वर्षं फिरतंय आणि ते चक्क खोटं आहे. 1960 च्या दशकात मिशिगन युनिव्हर्सिटीत बर्नार्ड अ‍ॅग्रानॉफ यांनी गोल्डफिशना शिकवलं की लाइट लागला की मधला अडथळा ओलांडून पलीकडे जायचं, नाहीतर हलका शॉक बसतो. मासे शिकले, आणि काही दिवसांनी टेस्ट घेतली तरी त्यांच्या लक्षात होतं.

खरी भारी गोष्ट पुढेच आहे. ट्रेनिंग संपल्या संपल्या कवटीत प्युरोमायसिन, म्हणजे नवीन प्रोटीन बनणं थांबवणारं औषध टोचलं तर मासे शिकलेलं विसरले, पण तेच तासाभराने टोचलं तर काहीच फरक पडला नाही! म्हणजे आठवण पक्की व्हायला मेंदूत नवीन प्रोटीन लागतं, आणि तेही लगेच.

हे घडवण्यात कायनेज नावाची एन्झाइम्स असतात, ती दुसऱ्या प्रोटीन्सना फॉस्फेट (एक छोटा रासायनिक गट) चिकटवत सिग्नल पेशीच्या न्यूक्लियसपर्यंत, म्हणजे केंद्रकापर्यंत नेतात आणि मग ठरावीक जीन्स चालू होऊन नवीन प्रोटीन बनतं. याचे बारकावे मुख्यतः समुद्री गोगलगाय आणि उंदरांवर कळले, पण याच कुटुंबातली कायनेज माशांच्या मेंदूतही आहेत.

आणि बाऊलचं म्हणाल तर फिल्टर नसलेल्या थोड्याशा पाण्यात अमोनिया साठतो, त्याने कल्ले खराब होतात, तेव्हा प्लीज मोठी टाकी घ्या.