मानो (स्पॅनिश नाम)

मानो हे ‘हात’ या अर्थाचे स्पॅनिश नाम लॅटिनमधील ‘मानुस’ या शब्दापासून आले आहे. स्पॅनिशमध्ये ‘ओ’कारान्त नामे बहुधा पुल्लिंगी असतात, मानो मात्र स्त्रीलिंगी आहे, कारण मूळ लॅटिन शब्दही स्त्रीलिंगी होता आणि रूप बदलले तरी त्याचे लिंग टिकून राहिले. म्हणून पुल्लिंगी उपपद लावून ‘एल मानो’ नव्हे, तर स्त्रीलिंगी उपपदासह ‘ला मानो’ म्हणतात आणि विशेषणही त्याला जुळवून घ्यावे लागते: उजवा हात म्हणजे ‘मानो देरेचा’. ‘फोतो’ आणि ‘मोतो’ हेही स्त्रीलिंगी आहेत, पण ते फोतोग्राफिया आणि मोतोसिक्लेता यांचे संक्षेप असल्यामुळे त्यांचे कारण वेगळे.

पाठ्यपुस्तकात या अपवादावर भर असतो. मराठी भाषकाची खरी अडचण मात्र अर्थाच्या मर्यादेत आहे. मराठीतला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत पसरतो, तर मानो मनगटाशी संपते आणि त्याच्या वरचा भाग ‘ब्रासो’ ठरतो. कोपराजवळ हाड मोडलेल्या माणसाने मानो मोडली असे सांगितले, तर ऐकणारा पंजाकडे पाहील. उलट ‘मे लावो लास मानोस’ हे वाक्य मराठी माणसाला सहज जमते. त्यात ‘माझे’ हा शब्द येत नाही, जसा आपल्या ‘हात धुतो’मध्येही येत नाही.

लाक्षणिक अर्थांत दोन्ही भाषा अनेकदा शेजारी येतात. भिंतीला रंगाचा एक हात द्यायचा, तर स्पॅनिशमध्येही ‘उना मानो दे पिंतुरा’च. ‘मानो दे पापेल’ म्हणजे कागदाचे पंचवीस ताव, रीमचा विसावा भाग. आपल्याकडचा चोवीस तावांचा ‘दस्ता’ हा शब्दही फारसीतील ‘दस्त’ म्हणजे हात यावरूनच आला आहे. केळीच्या घडातील फणीलाही मानो म्हणतात. मेक्सिकोत मेताते या दगडी पाट्यावर मका वाटण्याच्या वरवंट्याचेही तेच नाव आहे. हा अर्थ मराठीत नाही, पण स्वयंपाकघर पाहिलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

काही वाक्प्रचार मात्र फसवतात. ‘एचार उना मानो’ म्हणजे मदतीचा हात देणे; त्यातला ‘उना’ गाळून ‘एचार मानो दे’ म्हटले, की अर्थ एखाद्या साधनाचा आधार घेणे असा होतो. ‘तेनेर मानो इस्किएर्दा’, शब्दशः डावा हात असणे, हे अवघड प्रसंग चातुर्याने हाताळणाऱ्याचे कौतुक आहे. सोप्या कामाला वापरल्या जाणाऱ्या मराठीतील ‘डाव्या हाताचा मळ’शी त्याचा संबंध नाही. अर्जेंटिनात रस्त्यावरील वाहतुकीच्या दिशेलाही मानो म्हणतात, त्यामुळे ‘कोंत्रामानो’ जाणारा उलट दिशेने गाडी हाकत असतो. फुटबॉलमध्ये मानो म्हणजे हाताने चेंडू अडवण्याची चूक. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध मारादोनाने हाताने केलेला गोल ‘ला मानो दे दिओस’, देवाचा हात, या नावाने ओळखला जातो.

लघुरूपातही, म्हणजे ‘इवलासा हात’ या अर्थाच्या रूपातही, प्रदेशभेद आहे: स्पेन आणि मेक्सिकोत ‘ला मानिता’, तर लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ‘ला मानितो’. मेक्सिकोतील मित्र एकमेकांना ‘मानो’ अशी हाक मारतात, पण तो ‘एर्मानो’ म्हणजे भाऊ याचा संक्षेप असून पुल्लिंगी आहे. हाताशी त्याचे नाते नाही.